ड्रॅगनचे दात मोजा!

सीझनचा शेवटचा एपिसोड संपतो. रात्रीचे दोन वाजलेले असतात. आणि कुणीतरी ग्रुपवर मेसेज टाकतं, 'पण यार, ड्रॅगन खरंच असतील का कधी?' मग काय, झोप उडते ती उडतेच.

एक गट लगेच म्हणतो, 'काहीही काय! सगळी फेकाफेकी. जुनी माणसं अडाणी होती, कशावरही विश्वास ठेवायची.' दुसरा गट त्याहून जोरात. 'चीनमध्ये ड्रॅगन, युरोपात ड्रॅगन, मेक्सिकोत पिसांचा साप, आपल्याकडे शेष आणि वासुकी. सगळ्या जगाला एकच स्वप्न पडलं का? आगीशिवाय धूर निघतो का?' आणि पुराव्यादाखल एक रील. डोंगराच्या कपारीत भलामोठा सांगाडा, मागे ढणढणणारं म्युझिक, खाली लाखभर लाइक्स.

तुम्ही कोणत्या गटात?

आम्हाला विचाराल, तर दोन्ही गट एकाच जागी चुकतायत. दोघांपैकी कुणीही हाड हातात घेऊन पाहिलेलं नाही. एकाने न बघता नाही म्हटलं, दुसऱ्याने न बघता हो म्हटलं.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे सस्पेन्स नको. आग ओकणारा, पंख पसरून उडणारा, खजिन्यावर वेटोळं घालून बसणारा ड्रॅगन या पृथ्वीवर कधीही नव्हता. पण 'ड्रॅगनची हाडं' होती. खरीखुरी, जड, हातात घेता येणारी. ती कुणाची होती आणि ते शोधून कुणी काढलं, ही गोष्ट कुठल्याही वेब सिरीजइतकी भारी आहे. आणि तिच्यातली महत्त्वाची माणसं ऐन तुमच्या आसपासच्या वयाची आहेत.

एक शब्द, दहा प्राणी

आधी 'सगळीकडे ड्रॅगन आहेच ना' या मुद्द्याचा निकाल लावू.

ड्रॅगन हा इंग्रजी शब्द ग्रीक 'ड्राकोन'वरून आला. त्याचा अर्थ साप, मोठा साप. पुढे युरोपीय लोक जगभर फिरले आणि जिथे जिथे सापासारखं काही अचाट दिसलं, तिथे तिथे त्यांनी हेच लेबल चिकटवलं. चिनी लोक आपल्या प्राण्याला 'लाँग' म्हणतात. त्याला हरणाची शिंगं असतात, माशाचे खवले असतात, पंख बहुतेक वेळा नसतातच. तो आग ओकत नाही, पाऊस पाडतो. तो सम्राटाचं चिन्ह होता आणि आजही तिकडे शुभ मानला जातो. युरोपातला ड्रॅगन याच्या बरोबर उलटा. तो गावं जाळतो, आणि संत जॉर्जसारख्या कुणीतरी येऊन त्याला भाल्याने मारायचं असतं.

बॅबिलॉनच्या इश्तार दरवाजावर, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, निळ्या विटांच्या भिंतीवर एक प्राणी घडवला गेला. डोकं सापाचं, पुढचे पाय सिंहाचे, मागचे गरुडाचे. तो मार्दुक देवाचा प्राणी. मेक्सिकोतला केत्साल्कोआत्ल तर स्वतःच देव. आपल्या ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसतो आणि इंद्र त्याला मारून ते मोकळं करतो. यमुनेतल्या कालियाला कृष्ण मारतही नाही, दम देऊन दुसरीकडे धाडतो.

आता सांगा, हा एकच प्राणी आहे का? कुणी पाऊस देतं, कुणी पाऊस अडवतं. कुणाची पूजा, कुणाचा वध. ही नावं आणि रूपं एका शब्दाच्या पोत्यात भरली आणि मग आपणच म्हणायला लागलो, 'बघा, सगळीकडे तोच!'

एक गोष्ट मात्र खरी. या बहुतेकांच्या मुळाशी साप आहे. आफ्रिकेतली व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप या तीन शत्रूंसाठी तीन वेगवेगळे आवाज काढून एकमेकांना सावध करतात. या माहितीवरून डेव्हिड जोन्स या अभ्यासकाने असा तर्क मांडला की, आपल्या पूर्वजांच्या मनातले हेच तीन शत्रू एकत्र होऊन ड्रॅगन तयार झाला असावा. सापाचं अंग, गरुडाचे पंजे, मोठ्या मांजराचा जबडा. तर्क झकास आहे, पण तर्कच आहे. सिद्ध झालेला नाही. तेवढं लक्षात ठेवून मग आवडून घ्यायला हरकत नाही.

ती माणसं अडाणी नव्हती

आता पहिल्या गटाकडे वळू. 'जुनी माणसं कशावरही विश्वास ठेवायची' हे म्हणणं ऐकायला स्मार्ट वाटतं, पण त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

ऑस्ट्रियात क्लागेनफुर्ट नावाचं शहर आहे. शहराच्या मधोमध ड्रॅगनचं दगडी कारंजं आहे, सोळाव्या शतकाच्या शेवटी घडवलेलं. चौदाव्या शतकात तिथल्या लोकांना जमिनीत एक प्रचंड कवटी मिळाली होती. गावाच्या दंतकथेत ड्रॅगन होताच. हीच त्याची कवटी, असं ठरलं, आणि शिल्पकाराने ड्रॅगनचं डोकं घडवताना ती समोर ठेवली, असं सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात कवटीची नीट ओळख पटली. ती होती हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची.

त्या गावकऱ्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही गेंडा कधी पाहिलेला नाही. 'प्राण्यांची अख्खी जात पृथ्वीवरून नष्ट होऊ शकते' ही कल्पनाच अजून कुणाला सुचलेली नाही. ती विज्ञानात रुजली अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रान्सच्या कुव्हिएच्या कामातून. आणि तुमच्या हातात आहे बैलाच्या डोक्याहून कितीतरी मोठी कवटी. काय म्हणाल तुम्ही? त्यांनी पुरावा पाहिला आणि जवळ असलेल्या माहितीतून उत्तर काढलं. उत्तर चुकलं, पण पाहिलेलं खोटं नव्हतं.

आपल्या शिवालिक टेकड्यांचंच घ्या. तिसऱ्या शतकात फिलोस्ट्रेटस या ग्रीक लेखकाने अपोलोनियस नावाच्या तत्त्वज्ञाच्या भारतप्रवासाचं वर्णन लिहिलं. त्यात हिमालयाच्या पायथ्याशी ड्रॅगनच ड्रॅगन आहेत आणि लोक त्यांची शिकार करतात, असं येतं. १८३०च्या दशकात त्याच शिवालिकमध्ये फाल्कनर आणि कॉटली यांना प्राचीन हत्ती, मगरी, प्रचंड कासवं यांच्या जीवाश्मांचा खजिनाच सापडला. एक तर जिराफाचा आडदांड नातेवाईक निघाला. त्याला त्यांनी शिवाच्या नावावरून शिवथेरियम म्हटलं. एड्रियन मेयर या अभ्यासिकेचा अंदाज असा की, जुन्या वर्णनातल्या ड्रॅगनमागे हीच हाडं असावीत.

चीनमध्ये तर 'ड्रॅगनची हाडं' हे औषध होतं. वैदूंच्या दुकानात ती मिळत. उगाळायची, पूड करायची, काढ्यात घालायची. या दुकानी हाडांचं पुढे काय झालं, ते जरा थांबून सांगतो. त्याआधी हॅम्बुर्गला जाऊन येऊ.

सात डोकी आणि एक तरुण

साल १७३५. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात महापौरांच्या ताब्यात एक अद्भुत चीज होती. सात डोक्यांचा हायड्रा, म्हणजे अनेक तोंडांचा ड्रॅगन, पेंढा भरून ठेवलेला. तो प्रागच्या एका चर्चमधून लुटीत आला, असं म्हणत. अ‍ॅमस्टरडॅमच्या आल्बर्टुस सेबाने आदल्याच वर्षी आपल्या भव्य ग्रंथात त्याचं सुरेख चित्र छापलं होतं. सेबा म्हणजे त्या काळातला नामांकित संग्राहक. आणि मोठमोठे लोक या हायड्रासाठी मोठाली रक्कम मोजायला तयार होते, अशी चर्चा होती.

म्हणजे बघा. मालक प्रतिष्ठित. चित्र देखणं. पुस्तक महागडं. किंमत डोळे दिपवणारी. विश्वास ठेवायला आणखी काय पाहिजे? आजच्या भाषेत व्हेरिफाइड अकाउंट, फोर-के व्हिडिओ आणि मिलियन व्ह्यूज.

तेवढ्यात स्वीडनहून हॉलंडला डॉक्टरेट घ्यायला निघालेला एक तरुण हॅम्बुर्गला थांबला. वय जेमतेम अठ्ठावीस. नाव कार्ल लिनियस. ना मोठी नोकरी, ना पैसा. हायड्रा बघायला तोही गेला. सगळे सात डोकी बघत होते, हा दात बघायला लागला. दात होते वीझलचे, म्हणजे आपल्या मुंगसाच्या चणीच्या एका लहान प्राण्याचे. पंजेही त्याचेच. वरून सापाची कातडी चिकटवलेली. कुणीतरी सवडीने बसून जोडकाम केलं होतं. लिनियसने ते जाहीर करून टाकलं. हायड्राची किंमत कोसळली आणि महापौरांचा राग ओढवण्याआधी या पठ्ठ्याने हॅम्बुर्ग सोडलं, असं सांगतात.

त्याच वर्षी त्याचं 'सिस्टिमा नॅचुरे' प्रसिद्ध झालं. सगळ्या सजीवांची शिस्तशीर वर्गवारी करणारं हे पुस्तक जीवशास्त्राचा पाया ठरलं. त्यात त्याने एक वेगळा रकाना ठेवला. ज्यांच्याबद्दल बोललं जातं पण ज्यांचं खरेपण संशयास्पद आहे, असे प्राणी त्यात टाकले. हायड्रा, युनिकॉर्न, फिनिक्स आणि ड्रॅगन. नुसती खिल्ली उडवून तो गप्प बसला नाही. एकेक दावा समोर घेतला, तपासला आणि बाजूला काढला.

दानात मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. गाईपुरतं ते ठीक आहे. फुकट मिळालेल्या माहितीचे दात मात्र मोजायलाच हवेत.

पण तो उडला असता का?

कुणी म्हणेल, हॅम्बुर्गचा नकली होता, म्हणून सगळेच नकली कशावरून? रास्त प्रश्न. मग शरीराचा हिशेब मांडू.

पहिली अडचण पायांची. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या शरीराचा आराखडा चार अवयवांचा आहे. पक्षी असो की वटवाघूळ, पंख हवे असतील तर पुढचे दोन पाय द्यावे लागतात. चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा अवयव. या घराण्यात असं कुणीच नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधले ड्रॅगन आठवा. त्यांना पाय दोनच आहेत आणि चालताना ते पंखांवर टेकतात. करणाऱ्यांनी जीवशास्त्र वाचलं होतं!

दुसरी अडचण वजनाची. प्राण्याची लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट. म्हणून आकार वाढत गेला की एका टप्प्यानंतर पंखांना शरीर पेलत नाही. निसर्ग त्या टोकापर्यंत गेला होता. १९७१मध्ये टेक्सासमध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला एका उडणाऱ्या सरीसृपाची हाडं मिळाली. हा केत्साल्कोआत्लस. पंखांचा पसारा दहा-अकरा मीटर, जमिनीवर उभा राहिला तर जिराफाएवढा उंच. तरी त्याचं वजन दोनशे-अडीचशे किलोच्या आसपास असावं, असा अंदाज आहे. पाठीवर राणी बसवून शहर जाळायला निघालेला प्राणी या हिशेबात बसत नाही.

तिसरी अडचण आगीची. याच्या सगळ्यात जवळ पोचलाय तो एक छोटा किडा, बॉम्बार्डियर बीटल. पोटात दोन रसायनं वेगवेगळी साठवतो आणि धोका दिसला की त्यांची भेट घडवून उकळत्या पाण्याइतका गरम फवारा मारतो. ज्वाला मात्र त्यालाही जमलेली नाही.

औषधाच्या दुकानातून इतिहासात

आता त्या चिनी दुकानांकडे परत जाऊ.

१८९९च्या सुमारास वांग यिराँग या विद्वान अधिकाऱ्याच्या हाती अशी काही 'ड्रॅगनची हाडं' आली, ज्यांच्यावर खुणा कोरलेल्या होत्या. औषधाच्या पुडीतच त्या दिसल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो-नसो, खुणा खऱ्या होत्या. ती होती तीन हजार वर्षांपूर्वीच्या शांग राजवटीतली लिपी. बैलाच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचावर कोरलेले प्रश्न. पाऊस पडेल का, लढाई जिंकू का, राणीचं बाळंतपण नीट होईल का? चिनी लिपीचा आज माहीत असलेला सगळ्यात जुना मोठा साठा हा.

बीजिंगजवळ झोउकोउदियन म्हणून ठिकाण आहे. तिथल्या टेकडीचं नावच 'ड्रॅगनच्या हाडांची टेकडी'. लोक तिथून हाडं खणून विकत. १९२०च्या दशकात शास्त्रज्ञ तिथे पोचले. १९२९च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, पेइ वेनझोंग या तरुणाला तिथे आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. हाच तो जगप्रसिद्ध 'पेकिंग मॅन'. पेइचं वय तेव्हा पंचवीस. मूळ हाडं १९४१च्या युद्धाच्या गोंधळात हरवली, ती आजतागायत सापडलेली नाहीत. पण आधीच त्यांची मोजमापं घेतली होती, साचे काढून ठेवले होते. म्हणून ज्ञान उरलं.

१९३५मध्ये फॉन कोनिग्सवाल्ड यांनी हाँगकाँगच्या औषधाच्या दुकानात एक दाढ पाहिली. अवाढव्य. त्या एका दाढेवरून गोरिलाहूनही मोठ्या, नामशेष झालेल्या वानराचा माग लागला. त्याचं नाव जायगँटोपिथेकस.

विचार करा. एक लिपी, एक आदिमानव, एक महाकाय वानर. तिघेही 'ड्रॅगनची हाडं' या लेबलखाली पडून होते. किती हाडं काढ्यातून पोटात गेली असतील, कोण जाणे. चुकीच्या लेबलाचं खरं नुकसान हे असतं. लेबल लागलं की माणूस बघायचं थांबतो. 'काय आहे हे?' हा प्रश्नच उरत नाही.

म्हणून 'ड्रॅगन नव्हते' हे उत्तर निराश करणारं नाही. ड्रॅगनच्या जागी जे सापडलं, ते ड्रॅगनपेक्षा कमी अद्भुत आहे का?

आपल्या अंगणात

हे सगळं दूरदेशी घडलं असं समजू नका. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात काही गावकरी पिढ्यान् पिढ्या शेतात सापडलेले गोल दगड भैरव म्हणून पुजत होते. शेताची आणि गुराढोरांची राखण करणारा देव. २०२३मध्ये तज्ज्ञांनी पाहिलं, तर त्यातली काही डायनासोरची अंडी निघाली. साडेसहा कोटी वर्षांहून जुनी! त्याच भागात संशोधकांनी डायनासोरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवलेली आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातही डायनासोरचे अवशेष मिळालेत. ते गावकरी चुकले का? दगड नेहमीसारखा नाही, जपून ठेवावा, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी जपला म्हणून तर तो तपासायला मिळाला.

आणि कच्छ. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५मध्ये काही मणके मिळाले. सुरुवातीला वाटलं, प्राचीन मगर असेल. ती हाडं तशीच राहिली. मग आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी ती पुन्हा नीट तपासली. २७ मणके. साप! ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, अंदाजे अकरा ते पंधरा मीटर लांबीचा. २०२४मध्ये शोधनिबंध आला आणि नाव ठेवलं 'वासुकी इंडिकस'.

इथे जरा थांबा. नाव वासुकी ठेवलं म्हणजे समुद्रमंथन सिद्ध झालं, असं होत नाही. हा साप जगला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता. त्याला बघून कुणी गोष्ट रचणं शक्य नव्हतं. नाव गोष्टीवरून हाडाला मिळालंय, हाडावरून गोष्ट आलेली नाही. हा फरक एका वाक्याचा आहे, पण फॉरवर्ड लिहिणारे तोच गाळतात.

गोष्टीला गोष्ट राहू द्या

आणि आमचं खरं म्हणणं इथे आहे. आपल्या आवडत्या गोष्टी 'खऱ्या' ठरवण्यासाठी हाडं शोधायची काहीही गरज नाही. उलट, त्या खटाटोपात गोष्ट मरते आणि विज्ञानही बिघडतं.

'बेओवुल्फ' हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य. त्यात ड्रॅगन जमिनीखालच्या खजिन्यावर शतकानुशतकं बसलाय. एक चोर त्यातला एक प्याला उचलतो आणि तेवढ्यासाठी ड्रॅगन अख्खा मुलूख पेटवतो. म्हातारा राजा लढायला जातो. ड्रॅगन मरतो, राजाही मरतो, आणि तो खजिना पुन्हा मातीतच जातो. कुणाच्याही उपयोगाचा नाही. आइसलँडच्या गाथेतला फाफनिर तर जन्माने ड्रॅगन नसतोच. सोन्यासाठी तो स्वतःच्या बापाला मारतो आणि त्या सोन्याची राखण करता करता ड्रॅगन होऊन जातो. आता सांगा, फाफनिरचा सांगाडा सापडला नाही म्हणून ही गोष्ट खोटी ठरते? आपल्या आजूबाजूला फाफनिर नाहीत?

'द हॉबिट'मधला स्मॉग लिहिणारे टोल्किन हे 'बेओवुल्फ'चे नामांकित अभ्यासक होते. १९३६च्या एका गाजलेल्या व्याख्यानात त्यांची तक्रार हीच होती की, विद्वान या काव्याकडे इतिहासाची खाण म्हणून बघतात आणि त्यातल्या राक्षसांना, ड्रॅगनला किरकोळ समजतात. त्यांचं म्हणणं होतं की, ते राक्षसच या काव्याचा गाभा आहेत.

चिनी परंपरेत याहून वेगळी गंमत आहे. ज्या ह्युएन त्संगने पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवलं, त्याच्या भारतयात्रेवरून सोळाव्या शतकात 'पश्चिमेची यात्रा' ही अफाट कादंबरी आली. तिच्यात भिक्षूचा पांढरा घोडा म्हणजे शिक्षा भोगणारा एक ड्रॅगन राजपुत्र आहे. चुकलेला राजपुत्र दुसऱ्याचं ओझं वाहून सुटतो. ह्युएन त्संग खरा होता, घोडा कल्पनेतला. दोन्ही एकाच पुस्तकात सुखाने नांदतात आणि वाचणाऱ्याला त्याचा काही त्रास होत नाही. त्रास तेव्हा होतो, जेव्हा कुणीतरी त्या घोड्याच्या नालेचा फोटो दाखवून तुमची सही मागतो. किंवा मत.

मग तुम्ही काय करायचं?

हॅम्बुर्गचा हायड्रा बनवायला कुणीतरी वीझल मारले, सापाची कातडी कमावली, सुई-दोरा घेतला. कष्ट होते त्यात! आज डोंगरातला सांगाडा बनवायला एक ओळ टाइप करावी लागते. हायड्रा स्वस्त झालेत आणि लिनियस तेवढेच कमी आहेत. म्हणून ही जबाबदारी तुमच्यावर येते. ड्रॅगनचं फारसं काही बिघडत नाही हो. पण ज्या सवयीने आपण ड्रॅगनची रील पुढे ढकलतो, त्याच सवयीने औषधाची, दंगलीची, परीक्षेच्या पेपरफुटीची बातमीही ढकलतो.

दात मोजायचे म्हणजे साधे तीन प्रश्न. मूळ वस्तू कुठे ठेवलीय? ती हातात घेऊन कुणी मोजली, आणि मोजणाऱ्याचं नाव-गाव कळतं का? आणि हे खरं मानल्याने कुणाचा फायदा होतो? वासुकीच्या मणक्यांना तिन्ही उत्तरं आहेत. खाण माहीत, मोजणारे माहीत, शोधनिबंध उघडून कुणीही भांडू शकतं. रीलमधल्या सांगाड्याला एकही नाही. फोटो रिव्हर्स सर्च करायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं द्या, मग फॉरवर्डचं बटण दाबा.

आणि ज्याने चुकीचं पाठवलं, त्याच्यावर हसू नका. त्यालाही काहीतरी अद्भुत हवं होतं. त्याला 'खोटं आहे' एवढंच सांगून सोडू नका, त्या जागी खरं अद्भुत द्या. धारची अंडी द्या, हाँगकाँगची दाढ द्या.

हो, आणि ड्रॅगन बघायचाच असेल, तर गोव्याला या. सुपारीच्या बागेत आणि सह्याद्रीच्या दाट रानात वीतभर लांबीचा एक सरडा राहतो. झाडाच्या सालीसारखा रंग, बसला की दिसत नाही. पण त्याच्या बरगड्या लांब वाढलेल्या असतात आणि त्यांवर कातडं ताणलेलं असतं. ते पंख्यासारखं उघडून तो या झाडावरून त्या झाडावर तरंगत जातो. त्याच्या वंशाचं शास्त्रीय नाव 'ड्रॅको', म्हणजे लॅटिनमध्ये ड्रॅगन. आणि हे नाव दिलं कुणी, तर हॅम्बुर्गला दात मोजणाऱ्या त्याच लिनियसने, १७५८मध्ये.

आग ओकत नाही, मुंग्या खातो. पण उडताना दिसतो. फक्त मान वर करून, हालचाल न करता, बराच वेळ झाडाकडे बघत उभं राहायची तयारी हवी.